खर्डा आणि पक्की प्रत

१

निर्मितिप्रक्रियेविषयी आपल्या समीक्षेत जे लेखन झाले आहे, ते बहुतांशी सिद्ध लेखकांना समोर ठेवून झाले आहे. प्रतिभेचे स्वरूप काय, अनुभवाचे कलानुभवात रूपांतर कसे होते, हे प्रश्न आपण कवींना विचारले. विद्यार्थ्याला विचारले नाहीत. विद्यार्थी जे लिहितो ते सरावाचे लेखन, त्याचा विचार शिक्षणशास्त्राने करावा, साहित्यविचाराचा त्याच्याशी संबंध नाही, अशी आपली समजूत असावी. परंतु लेखन हे मुळात एक काम आहे, त्याला आरंभ, खाडाखोड आणि शेवट असतो, याची पहिली जाणीव प्रत्येकाला विद्यार्थिदशेतच होते. पुढे प्रतिष्ठा आली म्हणजे लेखक आपल्या प्रक्रियेविषयी जे सांगतो, त्यात स्मरणापेक्षा सिद्धान्ताचाच भाग अधिक असतो. विद्यार्थ्यापाशी सिद्धान्त नसतो. त्याच्यापाशी फक्त वही असते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त अशाच एका वहीचे आहे. ती वही आज माझ्यापाशी नाही, आणि ती का नाही याचा विचार करता करता जी साहित्येतिहासाची बाजू मला दिसली, ती येथे मांडावयाची आहे.

रायपुरात वाढलेल्या मराठी घरातील मुलाच्या वाट्याला तीन भाषा आपोआप येतात. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी. १९९० च्या आसपास मी येथील एका महाविद्यालयात साहित्य विषय घेऊन एम. ए. चा अभ्यास करीत होते. निबंध लिहावयाचे ते हिंदीत. माझी पद्धत अशी होती की, वहीच्या डाव्या पानावर पेन्सिलीने मराठीत लिहावयाचे आणि मग उजव्या पानावर शाईने ते हिंदीत उतरावयाचे. उजवे पान पुढे फुलस्केपवर नकलून महाविद्यालयात जात असे. डावे पान कोणी पाहत नसे. मीही त्याला लेखन समजत नव्हते. ते माझ्या दृष्टीने लेखनाच्या आधीचे काहीतरी होते.

ही पद्धत उघडकीस आली ती चुकांमुळे. मराठी आणि हिंदी या भाषांत रूपाने एक आणि अर्थाने वेगळे असे पुष्कळ शब्द आहेत. शिक्षा मराठीत गुन्ह्याला होते, हिंदीत शाळेत मिळते. चेष्टा मराठीत थट्टा असते, हिंदीत प्रयत्न. मैत्रिणींनी माझी चेष्टा केली, हे वाक्य मी हिंदीत जसेच्या तसे उतरविले तेव्हा त्याला काही अर्थच उरला नाही. आईने एकटीने संसार सांभाळला, हे वाक्य हिंदीत गेले तेव्हा आई जगन्नियंती झाली. आमच्या प्राध्यापकांनी त्या शब्दाभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढले आणि वर्गात हसू झाले. मागाहून त्यांनी मला बोलावून सांगितले, "ज्या भाषेत लिहायचे त्याच भाषेत विचार करायला शिका. नाहीतर तुमचे लेखन नेहमी भाषांतरच राहील." सल्ला सद्भावनेचा होता. मी मात्र त्यातून एवढेच घेतले की डावे पान ही लाजेची गोष्ट आहे. परीक्षा संपल्यावर उजवी पाने ज्यांत उतरली होती ते निबंध मी ठेविले आणि वह्या रद्दीत घातल्या.

आज ते निबंध वाचताना त्यांत चूक सापडत नाही. आणि त्यांत मीही सापडत नाही. एका निबंधात आजीविषयी चार वाक्ये आहेत. मला आठवते की डाव्या पानावर "आजीची माया" असे शब्द होते. हिंदीत माया म्हणजे भ्रम किंवा धनदौलत, हे तोवर मला कळून चुकले होते. म्हणून उजव्या पानावर "स्नेह" आला. शब्द बिनचूक आहे. परंतु त्या "माये"पासून "स्नेहा"पर्यंत येताना मी आणखी कोणते शब्द योजून पाहिले, कोठे अडले, काय सोडून दिले, हे आता मलाही सांगता येत नाही. ते सारे डाव्या पानाबरोबर गेले.

२

मराठीत या डाव्या पानाला जुना शब्द आहे: खर्डा. दप्तरी व्यवहारात आधी खर्डा होई, मग त्यावरून पक्की प्रत. मराठीने तर या दोन अवस्थांना जणू दोन लिप्याच नेमून दिल्या होत्या. मोडी ही धावत्या हाताची, हिशेबाची, पत्रव्यवहाराची. बाळबोध ही पोथीची आणि पुढे छापखान्याची. छत्तीसगडला मराठीचा संबंध आला तो प्रथम या धावत्या हाताच्या रूपाने. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले, १७५८ पासून बिंबाजी भोसले येथे राहून कारभार पाहू लागले आणि १७८७ नंतर सुभेदारी सुरू झाली. कारकून, कमाविसदार, भिक्षुक आणि शिपाई यांची घरे या मुलखात वसली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी ही घरे येथेच राहिली. त्यांच्या मुलांनी पुढे हिंदी शाळांत शिक्षण घेतले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले, तेव्हा या घरांची मराठी ही केवळ घरची भाषा उरली. म्हणजे खर्ड्याची भाषा.

तथापि भाषा बदलून लिहिण्याची ही परंपरा भोसल्यांच्याही फार आधीची आहे, आणि योगायोग असा की लेखनप्रक्रियेविषयी भारतीय परंपरेतील सर्वांत तपशीलवार विवेचन त्याच परंपरेतील एका लेखकाने केले आहे. राजशेखर हा यायावर कुळातला. त्याचा पणजोबा अकालजलद याला महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले जाई. राजशेखराची कारकीर्द मात्र महाराष्ट्राबाहेर गेली. नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या आरंभी तो कनौजच्या प्रतीहारांच्या आणि पुढे त्रिपुरीच्या कलचुरींच्या दरबारी होता. रतनपूरचे कलचुरी, ज्यांचे राज्य पुढे भोसल्यांनी घेतले, ते या त्रिपुरीच्याच घराण्याची शाखा होत. त्याने संस्कृतात लिहिले, आणि 'कर्पूरमञ्जरी' हे सट्टक संपूर्ण प्राकृतात लिहिले.

राजशेखराची 'काव्यमीमांसा' १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या दहाव्या अध्यायात कविचर्या आहे. आमच्या अभ्यासक्रमात मम्मटाचे काव्यहेतू होते: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. ते आम्ही पाठ केले. पण अभ्यास म्हणजे सकाळी उठून नेमके काय करावयाचे, हे मम्मट सांगत नाही. राजशेखर सांगतो. कवीच्या दिवसाचे तो प्रहरवार भाग पाडतो. पहिल्या प्रहरी विद्यांचे अध्ययन, दुसऱ्या प्रहरी काव्यरचना, तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्ठी. चौथ्या प्रहरी एकट्याने किंवा मोजक्या मित्रांसह सकाळच्या रचनेची परीक्षा. कवीजवळ कोणते साहित्य असावे तेही तो नोंदवितो: पेटी, फळी आणि खडू, लेखणी आणि दौत, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे, इतकेच नव्हे तर लिहिण्याजोगी गुळगुळीत केलेली भिंतसुद्धा.

या यादीतील फळी, खडू आणि भिंत यांकडे आपले लक्ष जात नाही. ताडपत्र ही पक्क्या प्रतीची जागा. खडूने लिहिलेले पुसण्यासाठीच असते. म्हणजे राजशेखराच्या कवीपाशी खर्ड्याची वेगळी सामग्री होती आणि ती त्याच्या प्रतिष्ठेला बाधक नव्हती. चौथ्या प्रहराच्या परीक्षेचे कारणही तो देतो. रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याजवळ विवेक करणारी दृष्टी त्या वेळी नसते. म्हणून मागाहून पाहावे, अधिक असेल ते टाकावे, उणे असेल ते भरावे, जागा चुकली असेल तेथे बदल करावा, विसरले असेल ते आठवावे. हजार वर्षांपूर्वीचे हे विवेचन वाचताना मला माझ्या वहीची आठवण झाली, आणि प्रथमच असे वाटले की डावे पान हे लेखनाच्या आधीचे नव्हते. ते लेखनच होते.

३

राजशेखराकडून आपल्या काळाकडे यावयाचे तर रायपूरच्या संदर्भात पहिले नाव येते ते पंडित माधवराव सप्रे यांचे. १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी घरात त्यांचा जन्म झाला. बिलासपूर आणि रायपूर येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे या शिक्षकांमुळे त्यांना हिंदी साहित्याची गोडी लागली. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि चालक वामन बळीराम लाखे. तिन्ही नावे मराठी आणि मासिक हिंदी. तीन वर्षे चालून ते बंद पडले. परंतु हिंदीतील गंभीर ग्रंथपरीक्षणाची वाट त्याने घालून दिली, आणि १९०१ मध्ये त्यातच प्रसिद्ध झालेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते.

सप्रे यांच्या लेखनजीवनाचा मध्यबिंदू मात्र मासिक नव्हे. १९०७ मध्ये त्यांनी नागपुराहून 'हिंदी केसरी' काढला. १९०८ च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि काही महिन्यांनी माफीपत्रावर सही करून ते सुटले. ही गोष्ट त्यांनी स्वतःला कधीच क्षमा केली नाही. सार्वजनिक जीवनातून दूर होऊन ते वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर रामदासी परंपरेतील सत्पुरुषाच्या सहवासात राहिले, माधुकरी मागितली आणि दासबोधाचे अध्ययन केले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला. या दुसऱ्या विद्यार्थिदशेचे फळ म्हणजे दासबोधाचे हिंदी भाषांतर.

भाषांतर हा विद्यार्थ्याचा धर्म आहे, असे मला वाटते ते अशा कामाकडे पाहून. वीस दशक आणि दोनशे समास यांतील प्रत्येक ओवी दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे ती ओवी दोनदा शिकणे होय. उदाहरण एकाच शब्दाचे घेऊ. प्रपंच हा दासबोधाच्या विचारातील आधारशब्द. रामदासांच्या दृष्टीने प्रपंच नेटका केल्यावाचून परमार्थाला बळ येत नाही. मराठी कानाला या शब्दात कर्तव्याचा आणि थोडा अभिमानाचाही सूर ऐकू येतो. हिंदी बोलण्यात मात्र प्रपंच म्हणजे खटपटी, कारस्थान, ढोंग. शब्द तत्सम, दोन्ही भाषांत तोच. तसाच ठेवला तर अर्थ उलटा होण्याचे भय, आणि बदलला तर विचाराचा आधार निसटतो. दासबोध हिंदीत नेणाऱ्या कोणालाही ही अडचण पानोपानी येणारच. माझ्या "संसारा"वर वर्गात जे हसू झाले, त्याच अडचणीशी एक मनस्वी लेखक रामदासांच्या शेकडो ओव्यांत झुंजला होता. हे मला त्या वयात कोणी सांगितले असते, तर तांबड्या वर्तुळाकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहिले असते.

पुढे त्यांनी टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. येथे खर्डा आणि पक्की प्रत यांचा प्रवास पाहण्याजोगा आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी तो ग्रंथ पेन्सिलीने वह्यांत लिहिला. सुटकेनंतर, १९१५ मध्ये, तो मराठीत प्रसिद्ध झाला आणि १९१६ मध्ये सप्र्यांच्या हिंदीत. टिळकांच्या पेन्सिलीच्या वह्यांची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. त्याच ग्रंथाच्या हिंदी अवताराचा खर्डा कोठे, कसा झाला, याची कथा मात्र आपण सांगत नाही. भाषांतरकाराची आपल्याला फक्त पक्की प्रत हवी असते. सप्रे २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच निवर्तले. हिंदी साहित्येतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. मराठी साहित्येतिहासात ते नाहीत. पक्की प्रत ज्या भाषेत, त्या भाषेचा लेखक, या नियमाने हे बरोबरच आहे.

४

हा नियम किती अपुरा आहे, हे दुसऱ्या एका मराठी घराने दाखविले आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, श्योपूरचा. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र १९२१ चे. घर एक, घरची भाषा एक. थोरला हिंदीत लिहू लागला आणि १९४३ च्या 'तारसप्तक'मधून पुढे आला. धाकट्याचा 'नवी मळवाट' हा मराठी काव्यसंग्रह १९४९ मध्ये निघाला. एका घरातले दोन भाऊ दोन साहित्येतिहासांत वाटले गेले. दोघांनीही पुढे साहित्याच्या मूल्याचा आणि निर्मितीचा विचार केला. शरच्चंद्रांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला १९७९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि गजाननरावांच्या 'एक साहित्यिक की डायरी'तील 'तीसरा क्षण' हा लेख हिंदीत निर्मितिप्रक्रियेवरील पायाभूत लेखन ठरला.

गजानन माधवांनीही दुसरी विद्यार्थिदशा भोगली. बी. ए. नंतर पुष्कळ वर्षे नोकऱ्यांत गेली, आणि पस्तिशी उलटल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. परीक्षा दिली. त्यानंतर १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकी मिळाली. राजनांदगाव रायपुराहून सत्तरेक किलोमीटरवर आहे. आमच्या विद्यार्थिदशेत त्यांचे नाव प्राध्यापकांच्या तोंडी सतत असे; परंतु ते मराठी होते हे वर्गात क्वचितच बोलले जाई, आणि बोलले गेले तरी एक चरित्रात्मक तपशील म्हणून.

'तीसरा क्षण' हा संवादरूप लेख आहे, आणि त्याचा आरंभ केशव नावाच्या तरुणपणीच्या मित्राबरोबर केलेल्या भटकंतीने होतो. म्हणजे निर्मितीचा हा सिद्धान्तही विद्यार्थिवयातील दोन मित्रांच्या बोलण्यातून उगवला आहे. त्यातील विचार थोडक्यात असा. कलेचा पहिला क्षण हा जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटा होतो आणि डोळ्यांसमोर एक कल्पनारूप होऊन उभा राहतो. तिसरा क्षण त्या कल्पनारूपाच्या शब्दबद्ध होण्याचा. आणि हा क्षण सर्वांत लांब चालतो. या तिसऱ्या क्षणी भाषा केवळ वाहक राहत नाही. भाषा ही समाजाची ठेव. तिच्यात पिढ्यांचे अर्थ साठलेले असतात. लेखकाचे कल्पनारूप तिच्याशी झगडते, तिच्यामुळे बदलते आणि तिलाही काही देते. अखेरीस कागदावर जे येते, ते दुसऱ्या क्षणी दिसलेले नसते.

माझ्या प्राध्यापकांच्या सल्ल्याला उत्तर मिळाले ते येथे. त्यांच्या आणि माझ्या समजुतीत एक गृहीत समान होते: मराठीत काहीतरी तयार, पूर्ण असे मूळ आहे आणि हिंदी ही त्याची नक्कल आहे. त्यांना ती नक्कल नको होती. मला ती लपवावयाची होती. परंतु डाव्या पानावर मूळ असे काही पूर्ण नव्हतेच. "आजीची माया" हे शब्द मी सहज लिहिले होते. घरात ऐकलेले, न तपासलेले. हिंदी शब्दाने अडविले तेव्हाच मला प्रथम विचार करावा लागला की आजीच्या वागण्यात नेमके काय होते: स्नेह, ममता, की धाक असलेली काळजी? दुसऱ्या भाषेने माझा अनुभव बिघडविला नव्हता. तिने मला त्याच्याकडे पाहावयास लाविले होते. दोष हिंदीत नव्हता आणि मराठीतही नव्हता. मी पहिला बिनचूक शब्द मिळताच थांबले, तिसरा क्षण मध्येच सोडून दिला, हा दोष.

याचा अर्थ असा नव्हे की सप्रे किंवा मुक्तिबोध मनातल्या मनात मराठीत लिहीत आणि मग हिंदी करीत. असा दावा करून त्यांना मराठीच्या खात्यावर ओढणे हा फाजील अभिमान होईल, आणि तो त्यांच्या हिंदीचा अपमानही ठरेल. मुद्दा मालकीचा नाही. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या लेखकाला शब्द सहज मिळत नाही. तो निवडावा लागतो. ही निवड त्याच्या खर्ड्यात दिसते, पक्क्या प्रतीत दिसत नाही. मुक्तिबोधांच्या बाबतीत आपले भाग्य असे की, त्यांचे अपुरे, पुनःपुन्हा लिहिलेले कागद बऱ्याच प्रमाणात राहिले. 'अंधेरे में' या दीर्घ कवितेवर ते १९५७ पासून सुमारे पाच वर्षे काम करीत होते, आणि ती छापून आली ती ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादिलेल्या सहा खंडांच्या 'मुक्तिबोध रचनावली'त अनेक अपूर्ण लेखनांना जागा मिळाली. त्यामुळे या कवीविषयी विचार करताना समीक्षकाला केवळ निकालावर अवलंबून राहावे लागत नाही.

५

साहित्येतिहास पक्क्या प्रतींचा लिहिला जातो, आणि तसा तो लिहावाच लागेल; प्रकाशित ग्रंथांवाचून इतिहासाला आधार कोणता? परंतु महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचा इतिहास लिहिताना या पद्धतीने हाती फार थोडे लागते. रायपूर, बिलासपूर, जबलपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांनी मराठीत किती ग्रंथ छापले याची यादी केली, तर ती आखूड होईल आणि वाचणारा म्हणेल की येथे मराठी क्षीण झाली. तीच घरे इतर भाषांतील लेखनात कोणते शब्द घेऊन गेली, कोठे अडली आणि त्या अडण्यातून काय घडले, असे विचारले तर दिसणारे चित्र वेगळे असेल. त्यासाठी पत्रे, भाषांतरांचे कच्चे कागद, शाळा-महाविद्यालयांतील वह्या, सभांची टिपणे यांकडे पाहावे लागेल. ही सामग्री ग्रंथालयात नसते. ती माळ्यावर असते आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. एका वहीच्या बाबतीत तो अपराध माझ्या हातून घडला आहे, म्हणून हे सांगण्याचे धैर्य करते.

गेली काही वर्षे माझ्याकडे भाषांतर शिकावयास काही मुले येतात. त्यांतली दोन-तीन मराठी घरांतली आहेत. बाकीची घरी छत्तीसगढी बोलतात आणि तिची त्यांना तशीच लाज वाटते जशी मला मराठीची वाटत असे. पक्की प्रत दाखवून ती विचारतात, "बाई, यात चूक आहे का?" मी प्रथम डावे पान मागते. आरंभी ती ते देत नाहीत. बहुतेकांनी ते फाडून टाकलेले असते. मग मी त्यांना राजशेखराच्या चौथ्या प्रहराविषयी सांगते आणि पुढच्या खेपेला वही न फाडता आणावयास सांगते. मागील महिन्यात एका मुलीने प्रथमच दोन्ही पाने समोर ठेविली. छत्तीसगढीतला "मया" हा शब्द तिने डाव्या पानावर लिहिला होता. त्या भाषेत त्याचा अर्थ प्रेम, जवळपास आमच्या मायेसारखाच. उजव्या पानावर त्या जागी तीन हिंदी शब्द लिहून खोडले होते, आणि चौथी जागा कोरी होती. तिला मी शब्द सांगितला नाही. ती जागा अजून काही दिवस कोरी राहू दे, एवढेच म्हटले.